टाकणखाराची वाट

पनवेलला एके काळी बैलगाडीची चाकं विकत घ्यायला लोक थांबत. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरकारांनी चाकं बनवणं हा या गावचा मोठा धंदा म्हणून नोंदवलाय. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परतताना एखाददुसरी जोडी घेऊन जायचा. त्याचं कारण गावाच्या जागेत होतं. खाडीतून मचवे आणि पडाव पनवेलच्या बंदराला लागत, मुंबईचा माल तिथे उतरायचा, बैलगाडीवर चढायचा आणि बोरघाटाची वाट धरायचा. घाटावरचा माल त्याच वाटेनं उलटा यायचा. मचवा घाट चढत नाही आणि गाडी खाडी ओलांडत नाही, म्हणून मालाला इथे वाहन बदलावंच लागे. या अदलाबदलीवर गावाची भरभराट झाली.

याच गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. राजापूरच्या शिवमंदिराचं नाव त्याला लाभलं: श्री धूतपापेश्वर. वैद्यानं आपल्या ओसरीवर स्वतः कुटावं, खलावं आणि पुडी बांधून द्यावी, अशी तेव्हाची रीत. औषध एका ठिकाणी मोठ्या प्रमाणावर तयार करून गावोगावच्या वैद्यांपर्यंत पोचवायचं, ही कल्पना त्या काळी नवी होती आणि पनवेलसारख्या वाहतुकीच्या गावात ती रुजली यात नवल नाही. आयुर्वेदातलं रसशास्त्र वापरतं त्या द्रव्यांत पारा, गंधक, अभ्रक, सोनं अशी भारदस्त मंडळी असतात. त्यांच्याच पंगतीला एक साधा पांढरा खारही बसतो. संस्कृतात टंकण, मराठीत टाकणखार, बाजारात बोरॅक्स.

त्या खारातलं बोरॉन नावाचं मूलद्रव्य आज कर्करोगाच्या एका विलक्षण उपचाराच्या केंद्रस्थानी आहे, आणि देशातली कर्करोग संशोधनाची एक मोठी संस्था पनवेल तालुक्यातच, खारघरला उभी आहे. टाकणखारापासून त्या उपचारापर्यंतचा इतिहास जवळजवळ सगळा वाहनाच्या शोधाचा आहे. माल कोणता हे लवकर कळलं होतं. तो रोगाच्या दारात नेऊन कोण उतरवणार, हे कोडं नव्वद वर्षं सुटता सुटत नाही.

मराठी घरांना बोरॉन परकं नाही. कॅरमच्या पाटावर भुरभुरायची बोरिक पावडर म्हणजे बोरॉनचंच आम्ल. झुरळांसाठी कणकेत मळून कोपऱ्यात ठेवतात तीही तीच. सोनार झाळकाम करताना सांध्याला टाकणखार लावतो, कारण तो वितळून धातूवरची मळी विरघळवतो आणि सांधा स्वच्छ बसतो. आणि तोंड आलं की आजी टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची. लाही हा शब्द अगदी नेमका आहे. टाकणखाराच्या खड्यात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. तापल्या तव्यावर ते पाणी उडून जाताना खडा तडतडतो, फुगतो आणि हलका, पांढरा, चुरा होणारा पदार्थ मागे राहतो. रसशास्त्रात यालाच टंकणाचं शोधन म्हणतात. तान्ह्या मुलांना मात्र हा उपाय करू नये, असं आता डॉक्टर निक्षून सांगतात, कारण बोरॉनचे क्षार लहान जिवाच्या अंगात साचले तर विषबाधा होते. औषध आणि विष यांच्यातली ही सीमा पुढेही पुन्हा पुन्हा आडवी येते.

हा खार कोकणातला नव्हे. जुन्या काळी तो तिबेटच्या खाऱ्या तळ्यांच्या काठी गोळा केला जाई आणि हिमालयाच्या खिंडींतून खाली येई. लडाखच्या पुगा खोऱ्यातही तो गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी सापडतो. टंकण हा शब्दही मालाबरोबर फिरला. कच्च्या बोरॅक्सला इंग्रजीत टिंकल म्हणतात, त्याचं मूळ या संस्कृत शब्दातच आहे. आता भारत बोरॉनची खनिजं बाहेरून आणतो. तुर्कस्तानात त्यांचे जगातले सर्वांत मोठे साठे आहेत.

१८०८ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या क्षारांतून बोरॉन वेगळं काढलं. निसर्गातल्या बोरॉनचे दोन प्रकार, म्हणजे समस्थानिकं, असतात. शंभरातले साधारण ऐंशी अणू बोरॉन-११ चे आणि वीस बोरॉन-१० चे. रासायनिक गुण दोघांचे सारखेच, पण न्यूट्रॉनपुढे त्यांचं वागणं अगदी वेगळं. शंभर ग्रॅम टाकणखारात बोरॉन असतं सुमारे अकरा ग्रॅम आणि त्यातलं बोरॉन-१० जेमतेम दोन ग्रॅम. पुढची सगळी कथा या दोन ग्रॅमांची आहे.

१९३१ साली टाटा घराण्यातल्या मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्या दुःखातून पुढे मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. मेहेरबाईंच्या पश्चात एका वर्षानं, १९३२ मध्ये, इंग्लंडात जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. दोन-तीन वर्षांतच लक्षात आलं की मंद गतीचे न्यूट्रॉन बोरॉन-१० आधाशासारखं गिळतं. शरीरातला नायट्रोजन न्यूट्रॉन जितक्या सहज पकडतो त्याच्या सुमारे दोन हजार पट आणि हायड्रोजनच्या दहा हजार पटींहून जास्त. न्यूट्रॉन गिळलेला हा अणू क्षणभरही टिकत नाही. तो फुटतो आणि त्याचे दोन तुकडे, एक हेलियमचं केंद्रक आणि एक लिथियमचं, विरुद्ध दिशांना सुटतात. हेलियमचा तुकडा नऊ-दहा मायक्रोमीटर जातो, लिथियमचा पाचएक. शरीरातल्या साध्या पेशीचा व्यासही साधारण एवढाच असतो. म्हणजे स्फोट ज्या पेशीत होतो, त्याच पेशीत तो संपतो. शेजारच्या घराला धग लागत नाही.

१९३६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन लोचर यांनी यातून उपचाराची कल्पना मांडली. कर्करोगाच्या पेशींत बोरॉन भरायचं, मग त्या भागावर मंद न्यूट्रॉन सोडायचे. नुसतं बोरॉन त्या मात्रेत फारसा त्रास देत नाही, नुसते मंद न्यूट्रॉन फार नासधूस करत नाहीत. दोघांची गाठ पडेल तिथेच पेशी मरेल. न्यूट्रॉन सापडून चारच वर्षं झाली होती आणि सिद्धांत पुरा झाला होता. विज्ञानाच्या इतिहासात कल्पना इतक्या लवकर आणि इतक्या नेटकेपणानं मांडली जाण्याचे प्रसंग थोडे असतील, आणि ती अमलात यायला इतका वेळ लागल्याचेही थोडेच.

पहिला प्रयोग माणसांवर झाला तो १९५१ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या अणुभट्टीपाशी. रुग्ण मेंदूच्या ज्या गाठीनं आजारी होते तिच्यापुढे शस्त्रक्रिया आणि क्ष-किरण दोन्ही हतबल होते. ली फार आणि मेंदूचे शल्यविशारद विल्यम स्वीट या कामात पुढे होते. त्यांनी शिरेतून दिलेलं औषध कोणतं? बोरॅक्स. सोनाराच्या दुकानातला, वैद्याच्या बरणीतला तोच टाकणखार, औषधाच्या शुद्धतेला आणलेला. निरोगी मेंदू रक्तातल्या पुष्कळ गोष्टी आत घेत नाही आणि गाठीपाशी हा बंदोबस्त सैल असतो, म्हणून बोरॉन गाठीत जास्त जाईल, असा हिशोब होता. तो अर्धवट खरा ठरला. बोरॉन गाठीत गेलं खरं, पण रक्तातही भरपूर राहिलं. न्यूट्रॉन सोडल्यावर स्फोट रक्तवाहिन्यांच्या भिंतीपाशी झाले आणि डोक्याच्या कातडीतही झाले. १९५९ ते १९६१ या काळात बोस्टनजवळच्या एमआयटीच्या अणुभट्टीवर आणखी अठरा रुग्णांवर वेगळे बोरॉन-क्षार वापरून उपचार झाले. निकाल वाईटच लागला आणि १९६१ मध्ये अमेरिकेनं हा नाद सोडला. त्या रुग्णांच्या शवविच्छेदनांतून जे शिकायला मिळालं त्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे. ज्यांना या उपचारानं काहीच दिलं नाही, त्यांचं देणं या विद्येवर कायमचं आहे.

त्या काळात मुंबईत काय चाललं होतं? ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी चालू झाली. न्यूट्रॉन आता मुंबईच्या वेशीवर तयार होत होते. परळला १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं होतं. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीय माणसाच्या कर्करोगाचा त्याच्या राहणीशी संबंध शोधला: तंबाखूचा, विड्या-चिरुटांचा, कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाचासुद्धा. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, जिथे कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवता येऊ लागल्या. या कामाचं मोल बोरॉनच्या संदर्भात फार मोठं आहे. कोणताही नवा वाहक माणसाला देण्याआधी तो पेशी आत घेते का, किती घेते आणि किती वेळ धरून ठेवते, हे अशा भांड्यांतच तपासतात. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय आणि हे केंद्र अणुऊर्जा खात्याकडे आलं, १९६६ मध्ये दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. कर्करोगाचं रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, असा प्रश्न आजही पुष्कळांना पडतो. खात्याचे प्रमुख होमी भाभा यांना त्याचं उत्तर स्पष्ट दिसत होतं. किरण आणि किरणोत्सारी मूलद्रव्यं ही पुढच्या काळातली औषधं असणार होती.

अमेरिकेनं सोडलेला धागा जपाननं उचलला. बोस्टनला स्वीट यांच्याकडे शिकलेले हिरोशी हातानाका १९६८ पासून आपल्या देशात रुग्णांवर उपचार करू लागले. त्यांनी बारा बोरॉन अणूंचा वीस पैलूंचा एक पिंजरा वापरला, ज्याला गंधकाची एक कडी जोडलेली असे. त्या काळचे न्यूट्रॉन फार खोल जात नसत, म्हणून अणुभट्टीच्या खोलीतच रुग्णाची कवटी उघडून गाठ न्यूट्रॉनसमोर आणावी लागे. वाचतानाही अंगावर काटा येतो. तरी काही रुग्ण वर्षानुवर्षं जगले आणि त्यामुळेच विद्या तगली. १९८७ मध्ये युताका मिशिमा यांनी त्वचेच्या काळ्या कर्करोगावर दुसरं वाहन वापरलं. फिनाइलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल पेशीला अन्न म्हणून हवं असतं. त्याच्या पाठीवर बोरॉनचा एक अणू बसवला. भुकेल्या कर्कपेशी ते अन्न समजून निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात. बीपीए नावानं ओळखलं जाणारं हे संयुग आजही या उपचाराचं मुख्य वाहन आहे. फिनलंडमध्ये १९९९ नंतरच्या दशकात दोनशेहून अधिक रुग्णांना ते दिलं गेलं.

मग अडलं कुठे, हे थोडं गणित केल्यावर कळतं. उपचार लागू पडायला गाठीच्या दर ग्रॅममागे किमान वीस मायक्रोग्रॅम बोरॉन-१० हवं आणि रक्तात किंवा शेजारच्या निरोगी मांसात त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. शंभर ग्रॅमची गाठ धरली तर प्रत्यक्ष कामाला येणारं बोरॉन झालं दोन मिलिग्रॅम. पण ते तिथे पोचावं म्हणून रुग्णाला बीपीए द्यावं लागतं वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस ग्रॅम. या संयुगाच्या वजनात बोरॉन-१० पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणून तीस ग्रॅमांत ते झालं साधारण दीड ग्रॅम. दीड ग्रॅम ओतायचं, तेव्हा दोन मिलिग्रॅम पोचतं. उरलेलं काही काळ अंगभर फिरतं आणि बहुतेक लघवीवाटे निघून जातं. त्यात बीपीए पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्याला फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल या साखरेच्या नातलगांची साथ द्यावी लागते. खांद्यावर छोटं गाठोडं घेऊन निघालेल्या हमालांची ही रांग आहे. प्रत्येकाकडे बोरॉनचा एकच अणू.

नॅनोकणांचा विचार इथून सुरू झाला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दहापासून दोनशे नॅनोमीटरपर्यंतचे कण रक्तातून फिरू शकतात आणि एकेका कणात बोरॉनचे हजारो अणू मावतात. बीपीएत बोरॉन पाच टक्के, तर बोरॉन नायट्राइडमध्ये वजनाच्या चव्वेचाळीस टक्के आणि बोरॉन कार्बाइडमध्ये अठ्ठ्याहत्तर टक्के. हेच बोरॉन कार्बाइड अणुभट्टीच्या नियंत्रक दांड्यांत न्यूट्रॉन शोषायला वापरतात. गाठोडं खाली ठेवून भरलेली गाडी जुंपावी, तसा हा फरक आहे.

गाडी गाठीकडे वळते कशी? १९८६ मध्ये हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवलं की घाईघाईनं वाढलेल्या गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यांच्या भिंतींतल्या फटींतून मोठे कण बाहेर झिरपतात आणि गाठीतून निचरा नीट होत नसल्यानं तिथेच अडकून राहतात. निरोगी भागात त्या फटी नसतात, म्हणून कण पुढे वाहत जातात. स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी पापुद्र्यानं बनलेल्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे लायपोसोम, याच तत्त्वावर औषध नेतात. अमेरिकेत फ्रेडरिक हॉथॉर्न यांच्या गटानं १९९० च्या दशकात बोरॉनची संयुगं अशा पिशव्यांत भरून उंदरांच्या गाठींपर्यंत पोचवली. नंतर सोन्याच्या, सिलिकाच्या, कार्बनच्या कणांवर बोरॉन चढवून झालं. कणांवर फॉलिक आम्लासारखी खूण लावायची, म्हणजे ती खूण ओळखणारी कर्कपेशी त्यांना आत घेईल, असेही प्रयोग झाले.

ही विद्या महाराष्ट्राला उपरी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसोममध्ये भरलेलं ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध विकसित केलं. मूळ औषध मूत्रपिंडांना इतकं जाचक की डॉक्टर ते हात राखून देत. पिशवीत घातल्यावर तेच औषध सुसह्य झालं आणि आयात औषधाला देशी पर्याय मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं या शतकाच्या सुरुवातीला गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवले. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकी कण कर्कपेशींवर तपासले, आणि बोरॉन वाहणाऱ्या कणांवरही तिथे काम झालं आहे.

पनवेलच्या जुन्या औषधविद्येकडे इथे पुन्हा वळून पाहावंसं वाटतं. रसशास्त्रात भस्म तयार झालं की नाही हे पाहायला सुंदर कसोट्या आहेत. बोटांवर चोळल्यावर भस्म बोटाच्या रेषांत भरून बसलं, तर ते रेखापूर्ण. पाण्यावर टाकल्यावर तरंगलं, तर वारितर. कण पुरेसा बारीक झाला का, हे सूक्ष्मदर्शक नसताना पाहण्याची ही रीत. औषधाला योग्य ठिकाणी नेणाऱ्या द्रव्यासाठी अनुपान आणि योगवाही असे शब्दही त्या परंपरेत आहेत. वाहनाचा प्रश्न जुन्या वैद्यांना पडला होता, हे यातून दिसतं. पण यावरून प्राचीनांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होतं असा निष्कर्ष काढू नये. बोटाच्या रेषेत मावणारा कण नॅनोमीटरच्या कितीतरी पट मोठा असू शकतो, आणि त्या विद्येला समस्थानिकं किंवा पेशी माहीत असण्याचं कारण नव्हतं. टाकणखाराची लाही कर्करोग बरा करत नाही. एखाद्या भाबड्या रुग्णानं किरणोपचार सोडून त्या वाटेला जाऊ नये, म्हणून हे स्पष्ट लिहायला हवं.

नॅनोकणांच्या बाबतीतही उत्साहाला लगाम घालणारी एक मोजणी आहे. २०१६ मध्ये एका गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक वाटा निघाला अवघा ०.७ टक्के. बाकीच्यांना यकृत आणि प्लीहा गाळून घेतात, कारण परक्या कणांना अडवणं हे त्यांचं कामच आहे. शिवाय उंदराच्या गाठीतल्या फटी माणसाच्या गाठीत तितक्या सापडत नाहीत. बोरॉनचे कण यकृतात दिवसेंदिवस राहिले तर पुढे काय, हेही तपासावं लागतं. म्हणून आजवर बोरॉनचा एकही नॅनोवाहक औषध म्हणून मंजूर झालेला नाही. मंजूर आहे ते जुनं बीपीएच. २०२० च्या मार्चमध्ये जपाननं बोरोफालन या नावाखाली त्याला आणि न्यूट्रॉन देणाऱ्या यंत्राला परवानगी दिली आणि जूनपासून विम्याखाली उपचार सुरू झाले. त्या यंत्राला अणुभट्टी लागत नाही. सायक्लोट्रॉनमधून आलेले प्रोटॉन बेरिलियमच्या चकतीवर आदळतात आणि न्यूट्रॉन उडतात. रुग्णालयाच्या आवारात मावेल असं हे साधन आहे.

आता खारघर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. भाताची शेतं, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांची गावं यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, आणि त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेली आंदोलनं हा या भागाच्या स्मृतीतला दुखरा भाग आहे. पांडवकड्याच्या धबधब्यापासून फार लांब नाही अशा ओवे कॅम्पच्या बाजूला साठ एकरांवर टाटा मेमोरियल सेंटरचं प्रगत संशोधन केंद्र आलं. लोक त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. २००२ मध्ये परळची कर्करोग संशोधन संस्था इथे हलली. खानोलकर आणि रणदिवे यांनी सुरू केलेली पेशींची शाळा अशी पनवेल तालुक्यात आली. भाभा केंद्रात घडवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं उपचार यंत्र सर्वांत आधी इथेच बसलं. २०२३ मध्ये प्रोटॉन किरणांचं केंद्रही इथे सुरू झालं. त्यातले प्रोटॉन थेट गाठीवर सोडले जातात. ते यंत्र न्यूट्रॉनसाठी बांधलेलं नाही, पण कणांचा झोत रुग्णावर नेमका सोडायला लागणारे भौतिकतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि सुरक्षेची शिस्त इथे तयार झाली आहे.

बोरॉन-१० देखील देशात वेगळं काढलं जातं. जड पाणी मंडळाच्या तालचेर आणि मणुगुरू इथल्या प्रकल्पांत हे काम होतं, मुख्यतः वेगवान अणुभट्ट्यांच्या नियंत्रक दांड्यांसाठी. ट्रॉम्बेला २०१८ मध्ये अप्सरा नव्या रूपात चालू झाली. म्हणजे माल देशात आहे, न्यूट्रॉन आहेत, पेशी वाढवणारे आणि कण घडवणारे हात आहेत. या सगळ्यांना एका छताखाली आणणारी, रुग्णासाठी बांधलेली न्यूट्रॉनची खोली मात्र भारतात उभी राहिलेली नाही. ती उभारायची तर खारघरइतकी योग्य जागा दुसरी सुचत नाही.

योग्य अशासाठी की जपाननं हा उपचार मंजूर केला तो डोकं आणि मानेच्या कर्करोगासाठी, शस्त्रक्रियेनं काढता न येणाऱ्या गाठींसाठी. तिथल्या चाचणीत रुग्ण होते २१, म्हणजे थोडेच, पण त्यांतल्या सुमारे ७१ टक्के जणांच्या गाठी लहान झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. भारतात तोंडाच्या कर्करोगाचं ओझं जगात सर्वांत जड आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू-चुन्याचा बार गालात धरायची सवय गावोगाव आहे. गाल, जीभ, जबडा यांच्या गाठी घेऊन माणसं खारघरला येतात. "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की गावाकडे पुढचं विचारत नाहीत.

नेहमीच्या किरणोपचारात, लोकांच्या भाषेत शेक घेण्यात, अशा रुग्णाला तीस ते पस्तीस वेळा यंत्राखाली जावं लागतं, आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. तेवढा काळ विदर्भातला किंवा मराठवाड्यातला शेतकरी घर सोडून इथे राहतो. बरोबर बायको किंवा मुलगा असतो, त्यांचीही मजुरी बुडते. जपानमधल्या कोरियामा शहरातल्या केंद्रात बोरॉनचा उपचार घेणाऱ्या माणसाला आधी दोन तास शिरेतून औषध देतात. मग ते चालू ठेवूनच त्याला न्यूट्रॉनच्या झोतासमोर बसवतात किंवा झोपवतात, जास्तीत जास्त तासभर. एकदाच.